मागचं डावं दार

१

बर्गेनहून परत येताना मी भांडायच्या तयारीनेच आले होते. तिकडे नॉर्वेत थंड वाऱ्यावर, लाकडी मांडवांवर कॉड मासा सुकवतात आणि जगभर विकतात. ते पाहताना मला सारखी आमची सातपाटी आठवायची. आमचे बोंबीलही वाऱ्यावरच सुकतात, जबड्यात जबडा अडकवून, जोडीजोडीने, बांबूच्या वलांडीवर. पण खाली वाळू, वर कावळे, शेजारी कुत्री. वलांड्या उंच घेतल्या, जाळी लावली आणि माल स्वच्छ बांधून आपणच दुकानांत पोहोचवला, तर आमच्या बायकांना कुणाच्या तोंडाकडे बघावं लागणार नाही, अशी माझी खात्री होती. गावात मात्र कुणी ऐकणार नाही असं वाटत होतं. शिकून आली आणि आम्हालाच शिकवते, असं म्हणतील. त्यावरची उत्तरंही मी विमानात बसून तयार केली होती.

त्यातलं एकही उत्तर लागलं नाही. पहिल्याच बैठकीत बायका हो म्हणाल्या. राहीबाई आमच्या शेजारी राहते आणि तिच्या शब्दावर बाकीच्या चालतात. तिने तर पालघरच्या बाजाराला जाणाऱ्या टेम्पोतली आपली वर्षानुवर्षांची जागा सोडून दिली. अट एकच घातली: तुझी गाडी रोज वेळेवर यायला हवी. टेम्पोतली जागा एकदा सोडली की दुसरी कुणीतरी तिथे बसते, आणि मग ती उठत नाही. मी शब्द दिला.

म्हणजे माणसं माझ्या बाजूने उभी राहिली. अडली ती गाडी.

२

गाडी जुनीच घेतली होती, बोईसरच्या एका रंगाच्या कारखान्यात इंजिनिअर असलेल्या ज्ञानेश नावाच्या गृहस्थांकडून. ते मूळचे जळगावकडचे, बोलायला मऊ. मोठी, पांढरी, आतून लख्ख धुतलेली गाडी. मागे माल, मध्ये बायका, असा माझा हिशेब होता.

पहिल्यांदा ती ओरडली भर दुपारी. मी अंगणाच्या कडेला तिला कुलूप लावून वलांडीला जाळी बांधत होते. आधी दोन छोट्या हाका, मग लांब सूर, मग सगळे दिवे एकदम लुकलुकायला लागले. जवळ कुणी नव्हतं. मी रिमोट दाबला, ती गप्प झाली. थोड्या वेळाने पुन्हा सुरू झाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा, तिसऱ्या दिवशीही.

पहिले काही दिवस त्याची मजाच झाली. माझी आत्या गोदूबाई, जिच्या घरी मी लहानाची मोठी झाले, वलांडीखालून ओरडून म्हणाली, "बोंबील गप सुकतात गो, तुजी गाडीच बोंबलते." बायका हसल्या, मीही हसले. मी मनाशी कारणं मांडत होते: खारी हवा, ऊन, एखादी सैल झालेली तार. कारण नसलेली गोष्ट या जगात नसते, यावर माझा तेव्हा विश्वास होता. अजूनही आहे, आणि तीच तर अडचण आहे.

संध्याकाळी जेवताना आत्याने सहज विचारलं, "आदल्या मालकानं सगले उतरवले व्हते काय?"

ती आमच्या बोटींची रीत. जुनी बोट विकली की विकणारा काठाशी उभा राहतो आणि त्या बोटीवर ज्यांनी ज्यांनी पाय ठेवला त्यांची एकेक नावं घेतो. नाव आणि 'उतर'. माणूस जिवंत असो की गेलेला, नाव गाळायचं नाही. सगळे उतरले की मग घेणारा नारळ फोडून चढतो. मला ही रीत फार आवडायची. बर्गेनला एका जेवणात मी ती सगळ्यांना रंगवून सांगितली होती.

"गाडीला नसतं तसं," मी म्हटलं.

"गाडीत मानसं बसत नाय काय?" असं म्हणून आत्याने माझ्या ताटात भात वाढला.

३

बोईसरला दर्पणचं गॅरेज आहे. दर्पण माझ्याच वयाचा, सतत बोलणारा. त्याने बॅटरी तपासली, रिमोटचा सेल बदलला. बॉनेटखालचा स्विच गंजला होता तो दाखवून म्हणाला, सापडला चोर, समुद्राकाठच्या गाड्यांचं हे नेहमीचंच. नवा बसवला. मी आनंदाने घरी आले आणि दारात गाडी लावते न लावते तोच ती ओरडली.

दुसऱ्या खेपेला त्याने आतली हालचाल टिपणारा सेन्सरच काढून टाकला. झुरळ फिरलं तरी वाजतो, म्हणाला. त्यानंतरही ती वाजलीच.

तिसऱ्या खेपेला त्याने गाडीला ते तपासणीचं यंत्र जोडलं आणि बराच वेळ पडद्याकडे बघत राहिला.  मग उठून मागच्या डाव्या दाराशी गेला, दार उघडलं आणि त्याच्या कडेला बोट लावलं.

"आधीच्या मालकाला लहान मूल होतं का?"

नव्हतं. त्या घरी मी चहा प्यायले होते. ज्ञानेश आणि त्यांची बायको प्रतीक्षा, दोघंच.

"मग चाइल्ड लॉक कशाला? आणि एकाच दाराला? आतून दार उघडतच नाही याने."

त्याने ते बोटाने वळवून काढलं. यंत्र काय म्हणतं विचारलं, तेव्हा म्हणाला की यंत्रही जुनं झालंय. मी पुन्हा विचारलं. त्याने सांगितलं की गाडीला कुलूप असताना या दाराचा आतला खटका कुणीतरी ओढतं, आणि म्हणून अलार्म वाजतो, असं ते दाखवतंय. आतला. मग तो हसला आणि पैसे नकोत म्हणाला, पुढच्या वेळी बघू. गाडी गॅरेजबाहेर काढताना मला दिसलं, तो ती जाईपर्यंत हात पुसत उभा होता.

४

तरी मी माल भरला. शब्द दिला होता. चालू इंजिनात अलार्म झोपलेला असतो, हे दर्पणने सांगितलं होतं, आणि वाटेत तो खरंच वाजला नाही.

राहीबाई मागे डावीकडे बसली, तिच्या शेजारी आणखी दोघी. पालघरच्या कुठल्या दुकानदाराचा काटा खोटा आणि कुणाची सून खोटी, याच्या गप्पा रंगल्या होत्या. शिरगाव येईपर्यंत राहीबाईचा आवाज बंद झाला. आरशात पाहिलं तर ती मधे सरकली होती. शेजारची कुरकुरत होती, अंगावर कशाला येतेस, तिकडे केवढी जागा आहे. राहीबाई आणखी सरकली. दाराकडची बाजू पूर्ण मोकळी झाली होती.

शिरगावला तिने गाडी थांबवायला सांगितली. उजव्या बाजूने, दोघींच्या गुडघ्यांवरून ओलांडून ती उतरली. मी मागे धावले. ती रस्त्याच्या कडेला पाटी मांडीवर घेऊन बसली होती.

"टेम्पोत कोन चढला की आपन सरकतो ना गो," ती म्हणाली. "तशी सरकले. कोनी सांगितला नाय. तरी सरकले."

मी म्हटलं, सवय असते अंगाला.

"हा, सवयच," ती म्हणाली आणि माझ्याकडे न बघता पदर नीट केला.

दुसऱ्या दिवशी कुणी आलं नाही. भांडण नाही, टोमणा नाही. सगळ्या आपापल्या दारात होत्या, माझ्याशी नेहमीसारखं बोलत होत्या. एवढंच म्हणत होत्या की दुसरी गाडी आण, आम्ही येतो. वलांडीवर सुकलेला माल उतरवायला आला होता.

५

मी ठरवलं की आपण स्वतः बघायचं. दुपारी गाडी अंगणात लावली, काचा बंद केल्या, मागच्या सीटवर उजवीकडे बसले आणि आत्याला बाहेरून रिमोटने कुलूप लावायला सांगितलं. ती तयार नव्हती. मी तिला विज्ञान समजावलं आणि तिने नाइलाजाने बटण दाबलं. चारही दारं एकदम खाली बसली.

बंद गाडीत बाहेरचं जग फार लवकर दूर जातं. कावळे दिसत होते, ऐकू येत नव्हते. आत्याचे ओठ हलत होते. वलांडीवरचे बोंबील वाऱ्यावर हलत होते, त्या हलण्याला आवाज नव्हता. आत डॅशबोर्डचं प्लॅस्टिक तापून कुठेतरी टिकटिकत होतं. ऊन काचेतून मांडीवर आलं होतं. मी हात मांडीवर ठेवून स्थिर बसले. सेन्सर काढलेला होता तरीही श्वास जपून घेत होते.

आधी वास आला. मासळीचा नाही. गोडसर, जिभेच्या मुळाशी बसणारा, नव्याने रंगवलेल्या खोलीसारखा. मी स्वतःला म्हटलं, सीटचं कापड तापलंय. रंगाच्या कारखान्यातल्या माणसाची गाडी, वास येणारच.

मग डाव्या दाराचा खटका हलला.

तो ओढला गेला असं म्हणता येणार नाही. तो बाहेर आला, थांबला आणि हळूच जागेवर गेला. हलकासा खट् आवाज झाला. पुन्हा बाहेर आला. पुन्हा गेला. त्यात घाई नव्हती, राग नव्हता. एखाद्याच्या घरी पाहुणा म्हणून आलेला माणूस न्हाणीघराची कडी जशी चाचपून बघतो, यजमानाला त्रास नको म्हणून, तसा.

मी म्हटलं, तारेचा ताण आहे. खरंच म्हटलं, मोठ्याने. खटका थांबला. माझं ऐकून थांबावा तसा.

मग सायरन सुरू झाला आणि मी माझ्या दारावर धडाधड थापा मारायला लागले. आत्याने रिमोट दाबला तेव्हा दार उघडून मी वाळूवर पडले. तिने डाव्या बाजूला जाऊन दार उघडलं आणि तशीच धरून उभी राहिली, कुणी म्हातारं माणूस उतरत असावं तशी. बराच वेळ.

"उतरत नाय," ती शेवटी म्हणाली. "नाव घेतल्याबिगर कसा उतरंल."

६

ज्ञानेशना फोन करताना मला लाज वाटत होती. गावाकडची एक रीत आहे, आत्याचं समाधान होईल, जमलं तर या, असं काहीतरी मी बोलले. ते हसतील असं वाटलं होतं.  त्यांनी उलट विचारलं, "कुठलं दार? मागचं डावं?"

मी दाराचं काही बोलले नव्हते.

रविवारी ते पालघरहून रिक्षाने आले. आत्याने गाडीची चारही दारं उघडी टाकली होती. किल्ली माझ्या मुठीत होती. काय करायचं ते तिने सांगितलं आणि ते शाळेतल्या मुलासारखे पुढे उभे राहिले.

"मी, ज्ञानेश. उतरलो." मग बायकोचं: "प्रतीक्षा, उतर." आईचं नाव घ्यायला ते अडखळले, आत्याने घ्यायला लावलं. "साखरबाई, उतरा." मेहुण्याचं: "सुजीत, उतर." दर नावाला आत्या उघड्या दाराकडे बघून मान हलवत होती. मला वाटत होतं, किती साधं आहे हे. खरंच वाटत होतं की आता संपलं.

ते थांबले.

"आनी?" आत्या म्हणाली.

"झाले."

"झाले नाय."

उघड्या दारांची, कुलूप नसलेली ती गाडी वाजायला लागली. मी मुठीतला रिमोट दाबत राहिले, त्याचा काही उपयोग नव्हता. ज्ञानेश तिथेच वाळूत बसले. आवाज थांबल्यावर ते माझ्याशी बोलले, आत्याकडे त्यांना बघवत नव्हतं.

"ठेकेदाराचा माणूस होता. नाव विचारायला वेळ कुठे होता? तिथे सगळे त्याला 'ए' म्हणायचे. केमिकल उडालं होतं अंगावर त्याच्या. कंपनीचे साहेब अँब्युलन्स नको म्हणाले, म्हणून दवाखान्यात न्यायला मी माझ्या गाडीत घेतलं. तो सारखा दार उघडत होता, आग होत होती ना त्याची. पडला असता रस्त्यात. म्हणून मी..." त्यांनी बोट वळवून दाखवलं. दर्पणने वळवलं होतं तसंच. "मग साहेबांचा फोन आला."

"मग?"

"वळलो."

कुठे वळलात, हे मी विचारलं. पुन्हा पुन्हा विचारलं. ते उठले, पॅंटची वाळू झटकली आणि गाडी किती चांगली चालते, ॲव्हरेज किती देते, हे सांगायला लागले.  रिक्षा निघाली, त्यानंतर त्यांचा फोन लागला नाही. बोईसरच्या फ्लॅटला कुलूप होतं.

७

मी बोईसरला पोलिसांत गेले. हवालदार वागायला वाईट नव्हते. खुर्ची दिली, पाणी दिलं. हरवलेल्या माणसाचं नाव विचारलं. माहीत नाही. गाव? माहीत नाही. कधीची गोष्ट? तेही नक्की नाही. तक्रार कुणाची, तुम्ही नात्यातल्या का? मी म्हटलं, माझ्या गाडीत तो आहे. त्यांनी पेन खाली ठेवलं. आत आहे म्हणजे, त्यांनी हळूच विचारलं, आणि मी पाण्याचा पेला उचलला. काहीतरी नाव घेऊन या ताई, म्हणाले, मग बघता येईल.

परत निघाले तेव्हा दिवे लागत होते. कंपन्यांच्या बस सुटल्या होत्या, रस्त्यावर सायकली होत्या. उमरोळीच्या पुढे गर्दी विरळ झाली. तो गोड वास केव्हा भरला ते कळलं नाही. मी आरशात बघायचं टाळत होते. पण गाडी चालवताना आरसा टाळता येत नाही.

तो मागे बसला होता. पाठ टेकलेली नव्हती. सीटच्या अगदी काठावर, पुढे सरकून, दोन्ही हात गुडघ्यांपासून जरा वर धरून. का तसा बसलाय ते मला लगेच कळलं आणि तेच सहन होईना. सीट खराब होऊ नये म्हणून. साहेबांची गाडी.

चेहरा अंधारात होता. जेवढा दिसला तेवढ्याबद्दल मी लिहिणार नाही.

मला भीती वाटत होती, पण त्याहून जास्त वाटत होतं की आपल्याला आता विचारता येईल. एवढंच तर हवं होतं. मी विचारलं, "भैया, आपका नाम क्या है?"

त्याने मान वर केली. कुणी विचारेल असं त्याला वाटलंच नसावं. त्याचं तोंड उघडलं, आणि चालू इंजिनात सायरन सुरू झाला.

तो बोलत होता. मी आरशात बघत होते, ओठ हलत होते, एकदा, पुन्हा एकदा, मला समजावं म्हणून सावकाश. ऐकू येत होता तो फक्त सायरन. मी गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडून मिळेल ती तार ओढली. आवाज तुटला. धावत मागे आले, दार उघडलं. सीट कोरडी होती. शेतातून कुठूनतरी बेडूक ओरडत होते.

"फिर से बोलिए," मी रिकाम्या सीटला म्हणत राहिले. सायकलवरून जाणारा एकजण थांबला, माझ्याकडे बघून पुन्हा निघाला.

८

सकाळी राहीबाई दारात आली. तिने नवा टेम्पो पाहून ठेवला होता, बायका तयार होत्या, आजच माल भरू म्हणाली. अट एकच, ती गाडी अंगणात नको. पालघरच्या जुन्या गाड्यांच्या दलालाचे मला दोनदा फोन येऊन गेले होते. त्याला काही सांगावं लागणार नव्हतं, तोही काही विचारणार नव्हता. मला जे उभं करायचं होतं ते सगळं समोर होतं, हात पुढे केला की मिळणार होतं.

आत्या चूल पेटवत होती. मी तिला विचारलं, विकली तर?

"इक ना," ती म्हणाली. "इकनाऱ्यानं फकस्त उतरवायचा आस्ते."

मी राहीबाईला म्हटलं, आज मला जमणार नाही, उद्याचंही सांगता येत नाही. तिचा चेहरा बदलला. ती टेम्पोतल्या जागेबद्दल काही बोलली नाही, आणि बोलली असती तर बरं झालं असतं. दलालाला मी नाही म्हणून कळवलं आणि बोईसरला गेले.

दिवसपाळी सुटून रात्रपाळी जाते त्या वेळी औद्योगिक वसाहतीच्या नाक्यावर गाडी उभी केली. मागचं डावं दार सताड उघडलं आणि शेजारी उभी राहिले. डबे घेतलेली माणसं येत होती, जात होती. मी एकेकाला थांबवून विचारायला लागले: तुमच्यातला कुणी कामावर आला आणि घरी परत गेला नाही, असं कुणी माहीत आहे का? नाव काय त्याचं?

बरेच जण न थांबता गेले. मग एकाने सायकलवरून पाय खाली टेकवला, इकडेतिकडे पाहिलं आणि एक नाव सांगितलं.  मी दाराकडे वळले, ते नाव घेणार, एवढ्यात त्याच्या मागच्याने दुसरंच नाव सांगितलं. त्याच्या मागे उभ्या असलेल्याने तिसरं. मग माणसं स्वतःहून थांबायला लागली.

मी तिथेच ठरवलं, एकही नाव गाळायचं नाही.